पाच मोजेपर्यंत

जवळ ये गं जरा. कागदावरून बोलत असले तरी आज तुला कान धरूनच बसवायचंय. परवा बारशाला भेटलीस, सगळ्यांसमोर मला विचारलंस, "मावशी, तुझ्याकडे लॅपटॉप नाही, स्लाइड नाहीत, मग तू त्या बायकांना ट्रेनिंग देतेस तरी कसं?" आणि माझ्या तोंडातला पेढा गिळून होईपर्यंत बाई चपला घालून खाली! असं विचारतात का मोठ्या माणसाला? विचारायचं तर थांबायचं. तुझ्या ऑफिसात लोकांना शिकवायचं काम करतेस ना तू? मग प्रश्न विचारून पळून जायचं कुणी शिकवलं तुला?

आता ऐक. लांबेल थोडं. माझं असंच असतं.

तुला माहीतच आहे, मी आठवीनंतर शाळा सोडली. वडील गिरणीत होते, गिरणी बंद पडली, आणि मी अंधेरीच्या औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला लागले. दहावी मी नंतर केली, लग्न झाल्यावर, संध्याकाळच्या वर्गात बसून, मांडीवर तुझा मावसभाऊ. पॅकिंगमधून तपासणीला गेले, तपासणीतून लाइन बघायला, आणि मग एकदा आमच्या शिकवणाऱ्या बाई आजारी पडल्या तेव्हा साहेब म्हणाले, "तुम्हीच घ्या आज वर्ग." तो 'आज' तेवीस वर्षं चालला. निवृत्त झाले, निरोपाची शाल घेतली, आणि दोन महिन्यांनी कारखान्यातून फोन. तेव्हापासून आठवड्यातले तीन दिवस जाते. दिंडोशीहून बस पकडते, ती आरेतून जाते, आणि आरेतली झाडं दिसेपर्यंत माझा त्या दिवशीचा धडा डोक्यात लागलेला असतो. पवईचा फाटा मागे पडला की उजळणी. तुझ्या स्लाइड आहेत, माझी बस आहे.

माझा वर्ग कँटीनला लागून आहे. एक फळा, बारा खुर्च्या, एक लाइटचं टेबल. साडेअकराला पलीकडे फोडणी बसते आणि माझ्या विद्यार्थिनींच्या माना एकदम त्या बाजूला वळतात. त्यानंतर मी काही नवीन शिकवत नाही. उपयोग नसतो.

आमच्या तपासणीच्या बायकांना मी नावाने हाक मारत नाही. एका वेळी एकाच नावाच्या तिघी होत्या, सगळा गोंधळ, तेव्हापासून स्टेशनांचीच नावं पडली. घाटकोपर, मुलुंड, बोरिवली. नवीन मुलगी आली की आधी विचारतात, "कुठली गं तू?" आणि झालं बारसं. तर ही गोष्ट आमच्या भांडुपची.

भांडुप माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. माहेर तिकडे आत, परभणीकडचं, लग्न होऊन भांडुपच्या डोंगरावर आली. अठरा वर्षं तपासणीच्या टेबलावर. तुला हे काम सांगते, म्हणजे पुढचं कळेल. इंजेक्शनच्या औषधाच्या छोट्या काचेच्या बाटल्या असतात. समोर लाइट, मागे एक पाटी, अर्धी काळी, अर्धी पांढरी. बाटली मानेला धरायची, हळूच उलटी करून फिरवायची, म्हणजे आतलं औषध गोल फिरतं, आणि मग काळ्यासमोर पाच सेकंद, पांढऱ्यासमोर पाच सेकंद. काळ्यावर पांढरा कण दिसतो, पांढऱ्यावर काळा केस. दिसला की बाटली लाल ट्रेमध्ये. नाही दिसला की पुढे. आता मशीनही आलंय हे बघायला, पण काही औषधं अजून माणसाच्याच डोळ्याने जातात. भांडुप म्हणायची, "ही बाटली कुणाच्या तरी पोराच्या दंडात जाणार, बाई. मला आत केस दिसला नाही तर तो आयुष्यभर दिसत राहील." असं बोलते ती. आणि हाताने खरंच तसं काम करते.

दरवर्षी या बायकांची परीक्षा असते. एका ट्रेमध्ये चांगल्या बाटल्या, आणि त्यात मुद्दाम मिसळलेल्या काही खराब. खराबातल्या सगळ्या गंभीर, म्हणजे आत कण किंवा केस असलेल्या बाटल्या पकडल्या तर टेबल तुमचं. तीन संधी. तिन्ही गेल्या तर खोके भरायच्या विभागात. तिथे दिवसभर उभं राहायचं. भांडुपचा गुडघा आधीच कुरकुरतो, पण ती गुडघ्याचं बोललीच नाही कधी. टेबल गेलं तर ती तपासणीवाली राहणार नव्हती, एवढंच तिला कळत होतं. अठरा वर्षं सुनेला, शेजारणींना, बुद्धविहारातल्या बायकांना काय सांगत आली? "मी बघते, मगच औषध बाहेर जातं."

यंदा ती पहिल्यांदा नापास झाली. आम्ही म्हटलं, असेल एखादा दिवस. दुसऱ्यांदाही झाली.

कारखान्यात बातमी कँटीनच्या वाफेबरोबर पसरते. "वय झालं हो." "डोळे गेले असणार." डोळे तपासून आणले, चष्म्याचा नंबर नवीन करून आणला, डॉक्टरने लिहून दिलं, नजर उत्तम. मग लोक म्हणाले, "लक्ष नसेल, घरी काहीतरी असेल." घरी काही नव्हतं. क्वालिटीचे साहेब, दाढीत पांढरे केस, माणूस वाईट नाही. मला म्हणाले, "मॅडम, शुक्रवारी तिसरी परीक्षा. तुम्ही एक दिवस तिच्याबरोबर बसा. माझ्याच्याने तिला खोक्यांकडे पाठवणं व्हायचं नाही, पण नियम आहे."

मंगळवारी मी तिला वर्गात घेऊन बसले. फक्त आम्ही दोघी. साध्या पाण्याच्या बाटल्या ठेवल्या. म्हटलं, "कर नेहमीसारखं."

तिने बाटली उचलली, फिरवली, काळ्यासमोर धरली, पांढऱ्यासमोर धरली, ठेवली. हात काय गं तिचा! लोणी. मी बघतच बसले. पाच-सहा बाटल्या झाल्यावर मला काहीतरी खुपलं, पण काय ते कळेना.

"तू पाच मोजतेस ना?"

"मोजते म्हणजे! पाच मोजल्याशिवाय मी हात हलवत नाही, बाई."

"मोठ्याने मोज बघू."

"एकदोनतीनचारपाच," ती म्हणाली, आणि बाटली पांढऱ्याकडे गेली.

मी हातातलं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. "परत."

तिचे पाच दोन सेकंदांत संपत होते. परत, परत, दहा वेळा. कधी दोन, कधी अडीच. बिचारी प्रामाणिकपणे मोजत होती, एकही आकडा गाळत नव्हती, आणि काटा तिसऱ्या सेकंदाला पोचायच्या आत तिचे पाच होऊन गेलेले असायचे.

मी म्हटलं, "अगं, तू अठरा वर्षं अशीच मोजत होतीस?"

ती बाटलीच्या झाकणावरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "नाही. आधी मी मोजतच नव्हते."

"मग?"

"वंदना म्हणायचे मनात. एक ओळ काळ्यावर, एक ओळ पांढऱ्यावर. सावकाश, विहारात म्हणतो तशी."

"मग सोडलंस का?"

तिने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही गं. मला तिने सांगावं लागतंय याचंच तिला नवल वाटत होतं.

"तुम्हीच सांगितलंत ना, बाई."

खरं सांगू? दोन क्षण मला आठवेचना. आणि मग आठवलं ते असं आठवलं की मी खुर्चीत सरसावून बसले.

गेल्या वर्षी कारखान्याने मला एका मोठ्या हॉटेलात पाठवलं होतं, शिकवणाऱ्यांच्या शिबिराला. दोन दिवस. थंडगार हॉल, गळ्यात पट्टा, पट्ट्यावर माझं नाव. तुझ्याएवढी एक मुलगी गालाला माइक चिकटवून बोलत होती, आणि काय सुंदर बोलत होती! ती म्हणाली, काम करताना मन रिकामं हवं, एका वेळी एकच गोष्ट, मनात गाणं नको, विचार नको. मी सगळं उतरवून घेतलं. शेवटी जाड कागदाचं प्रमाणपत्र मिळालं. ते बसमध्ये दुमडू नये म्हणून मी छातीशी धरून आणलं, शाळेतल्या पोरीसारखं. आणि सोमवारी वर्गात उभी राहिले, हातात खडू, डोक्यात ते हॉटेल. म्हटलं, "आजपासून टेबलावर मनात गाणं नाही, देवाचं नाव नाही, घरचा विचार नाही. फक्त आकडे. एक ते पाच." सगळ्यांकडून एकदम म्हणून घेतलं. बालवाडीत घेतात तसं. आणि विचारलं, "समजलं?" सगळ्या म्हणाल्या, "हो बाई." मी खूश.

त्या 'हो बाई'वर मी खूश झाले, हे बघ. एवढी वर्षं शिकवून!

मी कुणालाही विचारलं नव्हतं की आत्तापर्यंत तुम्ही काय करत होतात. अठरा वर्षं जिचा हात कधी चुकला नाही, तिला मी तिचं चालतं काम मोडायला लावलं. आणि ती भली बाई माझं ऐकणारी निघाली.

त्या दिवशी परतीच्या बसमध्ये मी स्वतः मोजून बघितलं. एक, दोन, तीन, चार, पाच. घड्याळात बघितलं, अडीच सेकंद. परत केलं. तीन. समोरच्या सीटवरची बाई वळून बघायला लागली तेव्हा थांबले. बाहेर म्हशी गोठ्यांकडे परतत होत्या, आपापल्या चालीने, ड्रायव्हर हॉर्न मारून थकला तरी एकीनेही पाय उचलला नाही. मला हसू आलं आणि रडूही. आकड्यांना घाई असते गं. पाच जवळ दिसला की माणूस तिकडे धावतं. ओळीला तसं नसतं, ओळ म्हणायचीच असते.

बुधवारी माझा दिवस नव्हता, तरी गेले. साहेबांच्या खोलीत जाऊन उभी राहिले. म्हटलं, "साहेब, चूक तिची नाही. माझी आहे." सगळं सांगितलं, हॉटेलपासून. या वयात कुणासमोर 'मी चुकीचं शिकवलं' म्हणायचं म्हणजे काय असतं ते तुला कळेल पुढे.

साहेबांनी आधी दाढी खाजवली. "मॅडम, पण ही एकटीच कशी नापास? वर्ग तर सगळ्यांचा होता."

हा प्रश्न माझ्या लक्षातच आला नव्हता! मी तशीच कँटीनकडे गेले. घाटकोपर डबा उघडत होती. ती मालवणची, बोलायला लागली की मुंबई मागे पडते. तिला बाजूला घेतलं. "खरं सांग, तू आकडे मोजतेस?"

तिने मासळीच्या डब्याचं झाकण परत लावलं. "रागावशाल नाय?"

"नाही."

"बाई, मी तुमचा आयकलंयच नाय." आणि खळखळून हसली. "माका आकड्यांनी झोप येता. मी आपला रवळनाथाक गाऱ्हाणा घालतंय. काळ्यार 'बा देवा म्हाराजा', पांढऱ्यार 'होय म्हाराजा'. पयल्यापासून."

"आणि बाकीच्या?"

"बाकीच्यांचा काय इचारतास? ती एकटीच शानी, तुमचा आयकणारी."

बघ म्हणजे! बारापैकी अकरा जणींनी माझ्या तोंडावर 'हो बाई' म्हणून आपलं ते चालू ठेवलं होतं, आणि पास झाल्या होत्या. जिने माझा शब्द मानला तीच बुडत होती. मला वाईट वाटायला हवं होतं, पण खोटं कशाला बोलू, त्या अकरा जणींचा मला जरा अभिमानच वाटला.

साहेबांना हे सांगितलं, तेव्हा त्यांनी दुपारी सगळ्यांचा वर्ग घ्यायला सांगितला. मी फळा पुसून टाकला. घड्याळ मध्ये ठेवलं आणि म्हटलं, "मी गेल्या वर्षी तुम्हाला चुकीचं सांगितलं. आता तुम्ही मला शिकवा. प्रत्येकीने आपलं काय आहे ते सांगायचं. हसायचं नाही."

हसायचं नाही म्हटल्यावर काय होणार! बोरिवली बे एकेचा पाढा म्हणते, तर घड्याळाने सांगितलं, तो पळतो, चारातच संपतो; ही थोडक्यात वाचली होती. मुलुंड स्टेशनं म्हणते, मुलुंड, नाहूर, भांडुप, कांजूर, विक्रोळी. "विक्रोळी आली की पाच सेकंद," ती म्हणाली. कुणीतरी मागून ओरडलं, "ठाण्याहून फास्ट पकडू नकोस गं, केस सुटेल!" एक नवी नवरी, सासरच्या माणसांची नावं क्रमाने घेते. "नणंदेपाशी मी आपोआप थांबते," ती म्हणाली, आणि वर्गाची वाट लागली. साहेब दारात उभे होते, तेसुद्धा खोकल्याच्या नावाखाली तोंड फिरवून हसले. पण घड्याळ कुणालाच सोडत नव्हतं. प्रत्येकीची ओळ लावून बघितली, जिची पळत होती तिला दुसरी शोधायला लावली. पाढा गेला. बोरिवलीने आपल्या आजीची एक अंगाई काढली, ती बरोबर पाचात बसली.

सगळ्या हसत होत्या आणि भांडुप कोपऱ्यात बसून होती. शेवटी मी तिच्याकडे वळले. म्हटलं, "तुझी म्हण."

"इथे नको, बाई. ती काही गंमत नाही."

खरं होतं तिचं. मी म्हटलं, "बरं. मनात म्हण. मी फक्त घड्याळ बघते."

तिने डोळे मिटले, मग उघडले, बाटली उचलली. काळ्यासमोर. मी काटा बघत होते. एक, दोन, तीन, चार, पाच, आणि बाटली सरकली पांढऱ्याकडे, परत पाच, आणि खाली. दहा बाटल्या. एकदाही पाचाच्या आत नाही, एकदाही सहाच्या पुढे नाही. घाटकोपर हळूच म्हणाली, "घड्याळ कित्याक व्हया हिका?"

साहेबांनी तपासणीच्या नियमांत भर घातली. प्रत्येकीने आपली ठरलेली ओळ वापरायची, ती आधी घड्याळाशी लावून घ्यायची. ओळ कोणती ते लिहायचं नाही, असा माझा आग्रह होता. ते त्यांना पटलं.

शुक्रवारी परीक्षा. मला आत सोडत नाहीत, मी काचेबाहेर. तुझ्या बारावीच्या निकालाला नव्हती एवढी धाकधूक होती मला. तिची टोपी, तोंडावर मास्क, फक्त डोळे दिसत होते. तिने वर एकदाही बघितलं नाही. लाल ट्रेमध्ये एक बाटली गेली. मग बराच वेळ काहीच नाही. मग दुसरी. मग लागोपाठ दोन. वेळ संपायला आली तेव्हा तिने शेवटची बाटली ठेवली आणि हात मांडीवर घेतले.

साहेबांनी यादीशी ताडून बघितलं. खालपासून वर, मग परत वरपासून खाली. गंभीर बाटल्या सगळ्या पकडलेल्या. झाकणावर जरा चरा असलेली एक तेवढी सुटली होती, तेवढं नियमात चालतं.

बाहेर आली ती कपाळाला आठ्या घालून. "बाई, चऱ्याची एक राहिली."

"अगं पास झालीस!"

"ते झालं. पण राहिली ना."

मग मास्क खाली ओढला आणि थोडा वेळ माझ्या खांद्यावर डोकं ठेवून उभी राहिली. कँटीनमध्ये चहा घेताना म्हणाली, "एक सांगू? रागावू नका. पुढच्या वेळी काही नवीन सांगायचं असेल तर आधी आम्हाला विचारा ना. आम्ही पण काहीतरी करत असतो."

एवढं साधं. हॉटेलातल्या दोन दिवसांत हे कुणी सांगितलं नव्हतं, आणि मी तेवीस वर्षांत शिकले नव्हते. तू विचारलंस ना कसं शिकवते? आता असं शिकवते. आधी विचारते, मग गप्प बसते. गप्प बसणं मला किती जड जातं ते तुला वेगळं सांगायला नको.

पण खरी गंमत पुढे आहे. सोमवारी साहेबांनी तिला बोलावलं. पुढच्या महिन्यात टेबलावर चार नव्या मुली येणार आहेत, त्यांना बाटली कशी धरायची ते भांडुपने शिकवायचं. मी आता किती दिवस जाणार? कुणीतरी हवंच. भांडुप माझ्याकडे आली, चेहरा पांढराफटक. "बाई, टेबलावर काहीही सांगा, करते. पण चार पोरींसमोर उभं राहून बोलायचं? माझी जीभच उचलायची नाही." मी म्हटलं, "रविवारी घरी ये दिंडोशीला. सराव करू."

आली. मी टेबलाशी नवी मुलगी होऊन बसले. तिने तोंड उघडलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "बाई, तुम्हाला मी काय शिकवू?" झालं! तासभर प्रयत्न केला, चहा दोनदा झाला, पोहे संपले, पण ती मला शिकवायला तयार होईना. तुझ्या काकांना बसवलं, तर ते तिला बाटली चुकीची कशी धरायची तेच दाखवायला लागले.

तिला समोर अशी कुणीतरी हवी जिला या कामातलं काही म्हणजे काही येत नाही, जी खरंच चुकेल आणि जिला ती रागावू शकेल. मी सगळी माणसं आठवून बघितली. मग तुझा चेहरा आला डोळ्यांसमोर.

तेव्हा येत्या रविवारी ये. दहापर्यंत ये, ती साडेदहाला येते. वही आणू नकोस, पेन आणू नकोस, तुला काय येतं ते घरी ठेवून ये. ती जे सांगेल ते कर आणि तिला प्रश्न विचार, खूप विचार, पण उत्तर मिळेपर्यंत खुर्चीतून उठू नकोस. जेवायला मी कोलंबी करते. ये गं नक्की.